शेरा : संशय आहे

दुष्काळाच्या त्या वर्षी नगरजवळच्या भिंगारच्या रस्त्यानं छत्री घेऊन फिरणारा एकच माणूस होता, आणि नेमका तोच माझ्या वाट्याला आला. आभाळात औषधाला ढग नव्हता. विहिरींचा तळ दिसत होता, आसपासच्या गावची माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती, आणि हे गुरुजी मात्र काळी छत्री काखेत मारून रोज सकाळी शाळेच्या फाटकातून आत यायचे. कुणी हटकलंच तर म्हणायचे, "पाऊस नाही असं रेडिओ म्हणाला ना? म्हणून घेतली."

त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांची नातवंडं नगरात आहेत. आजोबांचा स्वभाव त्यांच्यात उतरला असेल तर मला दारात उभं करून एकेका वाक्याचा पुरावा मागतील. आम्ही नगरच्या अध्यापक विद्यालयातल्या मुली त्यांना पाठीमागं सीआयडी म्हणत होतो. चौथीच्या वर्गातली त्यांची पोरं गुरुजी म्हणायची. समोर मीही गुरुजीच म्हणायची, आणि मनात जे म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माणूस अंगानं किरकोळ. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, तोही भर उन्हाळ्यात. डावी भुवई जन्मापासूनच वर होती की संशयानं चढून तिथंच राहिली होती, कोण जाणे. किती वाजले हे ते नेहमी दोघांना विचारत आणि दोघांच्या मधली वेळ खरी धरत. वर्तमानपत्र आदल्या दिवशीचं वाचत. "आजचं आज वाचलं तर खोटं कुठलं ते कळत नाही," म्हणायचे, "एक दिवस मुरू दिलं की आपोआप वर येतं." शाळेच्या रांजणात पाणी किती आहे त्याची आतल्या बाजूनं खडूची रेघ मारून ठेवत, आणि पाणी रेघेखाली गेलं की पोरांचे सदरे ओले आहेत का ते तपासत. ते ख्रिस्ती होते. माझी मैत्रीण कुसुम त्यांच्याच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जायची. ती सांगायची की पाळकसाहेब प्रवचन देत असतात तेव्हासुद्धा ती भुवई खाली येत नाही.

"असं कोण म्हणतं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. एकदा हेडमास्तरांनी वर्गात येऊन सांगितलं की उद्या सुट्टी आहे.

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणतोय, गुरुजी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

हेडमास्तर बिचारे आल्या पावली परत गेले. दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेला खरंच कुलूप आहे ना हे बघायला येऊन गेले, असं शिपाई सांगत होता. मला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आता माझं सांगते. मी पुणतांब्याची. आमचं घर गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर. मॅट्रिक झाल्यावर मास्तरीण व्हायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं, आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला नगरच्या एस.टी.त बसवून देताना खिडकीशी येऊन सांगितलं, "शिक. पास झालीस तर मास्तरीन हो, मी काय आडवा येनार न्हाई. पर नापास झालीस तर गुमान घरी यायचं. आत्याला शबूद दिलेला हाय." आत्याचा मुलगा वाईट नव्हता. तो आणि त्याची म्हैस एकाच चालीनं चालायचे, एवढाच त्याचा दोष. पण मला त्याची बायको व्हायचं नव्हतं, मास्तरीण व्हायचं होतं. गोष्ट इतकी साधी होती, आणि ती सगळी वर्षाअखेरच्या एका पाठावर लटकली होती.

पाठ म्हणजे काय ते सांगायला हवं. आम्ही शिकाऊ मुली भिंगारच्या त्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवत असू आणि मागच्या बाकावर कुणीतरी मोठं माणूस बसून आमच्यावर शेरे लिहीत असे. प्रत्येक पाठाचं टाचण आदल्या दिवशी तयार करायचं. त्यात एका बाजूला आम्ही काय विचारणार ते, आणि दुसऱ्या बाजूला मुलं काय उत्तर देणार ते. हो, मुलांची उत्तरंसुद्धा आम्हीच लिहायचो. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, उपयोजन अशा पाच पायऱ्या, आणि पाचवी पायरी संपायला आणि घंटा व्हायला एकच गाठ पडली की पाठ उत्तम.

त्यात आणखी एक गंमत होती. आमच्या विद्यालयाकडं नकाशे बरेच होते, पण उंदरांनी न कुरतडलेला एकच होता, महाराष्ट्रातल्या नद्यांचा. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडे असलेला देखणा नकाशा. साहित्य चांगलं असलं की गुण चांगले मिळतात, त्यामुळं जी ती मुलगी भूगोलाचा पाठ म्हटला की नद्याच घ्यायची. परिणामी भिंगारच्या चौथीनं नद्या इतक्यांदा ऐकल्या होत्या की आमच्यापेक्षा त्या पोरांनाच पाठाची तयारी जास्त. मी पहिल्यांदा नद्यांचा पाठ घेतला तेव्हा घाबरून एक प्रश्न गाळला. तशी पुढच्या रांगेतली शेवंता नावाची मुलगी उभी राहिली आणि अदबीनं म्हणाली, "बाई, तिसरा प्रश्न ऱ्हायला."

मागच्या बाकावरचे आमचे सर हसले. मीही हसून तिसरा प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं, पाठ छान झाला. एकटे गुरुजी हसले नाहीत.

वर्ग त्यांचा, त्यामुळं आमच्या पाठावर शेरा तेही लिहीत. पण ते मागच्या बाकावर बसतच नसत. सगळे निरीक्षक मागं बसून शिकवणारीचं तोंड बघतात. हे आपली खुर्ची फळ्याच्या बाजूला ओढून, माझ्याकडं जवळजवळ पाठ करून, पोरांकडं तोंड करून बसायचे. मी फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढावं, आवाज चढवावा, उतरवावा, हातवारे करावेत, आणि या गृहस्थानं एकदाही मान वळवू नये! मला तो सरळसरळ अपमान वाटायचा. एकदा धीर करून म्हटलं, "गुरुजी, तुम्हाला तिथून माझं शिकवणं दिसत नसेल."

"शिकवणं दिसत नाहीच कुठून," ते म्हणाले. "शिकणं दिसलं तर बघतोय."

आणि शेरे! इतर निरीक्षक लिहायचे, 'फलकलेखन सुबक', 'आवाज सुस्पष्ट', 'आत्मविश्वास वाढला आहे'. माझे पाठ खरंच चांगले व्हायचे, हे मी आत्मप्रौढीनं नाही सांगत, सगळे तसंच म्हणत. गुरुजी मात्र माझ्या टाचणाच्या तळाशी दोन शब्द लिहून सही करायचे : संशय आहे. पहिल्या पाठाला संशय आहे. दुसऱ्याला संशय आहे. दिवाळीनंतर मी जीव ओतून पाठ घेतला, पोरांनी एकही उत्तर चुकवलं नाही, त्यालाही संशय आहे.

"कसला संशय, गुरुजी?" मी विचारलं.

"तो कळला असता तर तोच नसता का लिहिला?"

अशा माणसाबद्दल बाकीच्यांना संशय आला नसता तरच नवल. कुसुमचं म्हणणं असं, की त्यांना आमच्या विद्यालयात शिकवायची जागा हवी होती, ती मिळाली नाही, तो राग ते आमच्यावर काढतात. दुसरी एक म्हणायची की गेल्या वर्षी एक मुलगी नापास झाली ती यांच्यामुळंच. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण आम्ही सगळ्याजणी विश्वास ठेवून मोकळ्या झालो होतो. मी तर इतकी, की गुरुजी मधल्या सुट्टीत पोरांच्या घोळक्यात वाकून काही बोलताना दिसले की मी पाय न वाजवता जवळ जाऊन कान द्यायची. हा माणूस पोरांना फितवतोय, अशी माझी खात्री होत चालली होती.

वार्षिक पाठाच्या चिठ्ठ्या निघाल्या. माझ्या चिठ्ठीत निघालं : चौथी, भूगोल, महाराष्ट्रातील नद्या.

"नशीब काढलंस गं," कुसुम म्हणाली. "ती पोरं झोपेतसुद्धा उत्तरं देतील. तू नुसती उभी राहा."

मलाही तसंच वाटलं. परीक्षक बाहेरगावचे येणार होते, त्यांना चौथीची तयारी कुठून माहीत असणार! आदल्या दिवशी शाळा सुटायच्या सुमारास मी नकाशासाठी भिंतीत खिळा नीट आहे का ते बघायला भिंगारला गेले. चौथीचं दार लावलेलं होतं. आतून गुरुजींचा दबका आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी थबकले. थोड्या वेळानं दार उघडलं, पोरं बाहेर आली, आणि मला बघताच एकेकानं मान खाली घातली. शेवंतानं तर तोंडावर हात धरला.

"काय सांगत होते गं गुरुजी?"

"सांगू नका म्हनलेत, बाई."

"माझ्याबद्दल होतं?"

ती विचारात पडली. "तुमच्याबद्दल न्हाई. पर उद्याचंच हुतं."

आतून गुरुजी आले, मला पाहिलं, आणि काही न बोलता छत्री काखेत मारून चालू लागले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मागं धावत जाऊन जाब विचारावा असं वाटलं, पण उद्या हाच माणूस परीक्षकांसोबत वर्गात बसणार होता. संध्याकाळी जेवण गेलं नाही. कुसुमला सांगितलं तर ती म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?" मैत्रिणी अशा वेळी एवढंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी चौथीत गेले. परीक्षक मागच्या बाकावर, टेरिलीनचा बुशशर्ट, हातात जाड पेन. गुरुजी फळ्याच्या बाजूला, पोरांकडं तोंड करून. नकाशा खिळ्यावर लावला, फळ्यावर तारीख लिहिली, आणि प्रस्तावनेचा पहिला प्रश्न टाकला.

"मुलांनो, आपल्या जिल्ह्यातून वाहणारी मोठी नदी कोणती?"

एरवी या प्रश्नाला पोरं बाकावरून उडायची. आज एक हात वर आला नाही.

मी प्रश्न पुन्हा विचारला. पोरं माझ्याकडं बघत होती, तोंडं घट्ट मिटलेली. दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला. शेवंतानं ओठ दातांखाली धरले होते. मागून पेनाचा आवाज ऐकू आला. मी गुरुजींकडं पाहिलं. त्यांची भुवई होती तिथंच होती. झालं, मी मनात म्हटलं, आता आत्याला सांगा हळद दळायला.

आजही सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका संताप आला होता की रडू फुटायचंच बाकी होतं. पुढं काय करायचं ते टाचणात नव्हतं. टाचणात लिहिलं होतं, 'विद्यार्थी : गोदावरी.' विद्यार्थी गोदावरी म्हणत नव्हते. मी हातातली छडी टेबलावर ठेवली आणि पाठ घेणाऱ्या बाईच्या आवाजात नाही, माझ्या पुणतांब्याच्या आवाजात विचारलं, "अरे, बोलत का नाही? कळत नाही का तुम्हाला?"

शेवंतानं एकदा गुरुजींकडं पाहिलं, मग उभी राहिली. "व्हय बाई. न्हाई कळत."

"काय कळत नाही?"

"ती नदी आडवी हाय."

"म्हणजे?"

ती नकाशापाशी आली आणि बोटानं दाखवू लागली. "पानी वरनं खाली येतं. ही वर्धा, ही वैनगंगा वरनं खाली येत्यात, त्या बरूबर हायेत. पर गोदावरी हिकडनं तिकडं आडवी चाललीया. आडवं पानी कसं वाहील? डबकं न्हाई का हुनार?"

मी म्हटलं, "अगं, नकाशात वर म्हणजे उत्तर दिशा."

"ते पाठ हाय, बाई. वर उत्तर, खाली दक्षिन. मग पानी उत्तरंकडनं दक्षिनंला पडाया पायजे ना?"

सगळा वर्ग माना हलवू लागला. ज्या पोरांनी मला डोळे झाकून गोदावरीच्या उपनद्या म्हणून दाखवल्या होत्या, त्या सगळ्यांना ती नदी भिंतीवर टांगलेली वाटत होती. त्यांच्या लेखी उत्तर छताकडं होती आणि दक्षिण जमिनीकडं. आणि मी त्या नदीत लहानपणी डुंबले होते, धुणी धुतली होती, पुरात तिचं पाणी कुठून कुठं धावतं ते डोळ्यांनी बघितलं होतं, तरी एका पाठात मला ते सांगावंसं वाटलं नव्हतं. माझं सगळं लक्ष पाचव्या पायरीकडं होतं.

मी नकाशा खिळ्यावरून काढला. खिळाही हातात आला. मागचं बाक करकरलं.

"सगळे उठा," मी म्हटलं, "मधली जागा मोकळी करा." आणि नकाशा फरशीवर अंथरला.

पोरं कडेनं उभी राहिली, पण जवळ येईनात. एकाचा पाय नकाशाच्या दांड्याला लागला, त्यानं घाईनं वाकून नमस्कार केला. मी गुडघे टेकून खाली बसले तेव्हा ती धीट झाली.

"नगर कुठं आहे?"

सगळ्यांचे हात पश्चिमेच्या, किल्ल्याकडच्या खिडकीकडं गेले.

"आणि पाथर्डी?"

हात दुसऱ्या बाजूला, दाराकडं.

मी नकाशा फिरवला. नगर खिडकीकडं, पाथर्डी दाराकडं. "आता सांगा, उत्तर कुठं गेली?"

एका पोरानं वर छताकडं बघितलं, मग नकाशाकडं, मग हळूहळू बोट भिंतीकडं केलं. "तिकडं, वाघमाऱ्याच्या गोठ्याकडं!" पोरं हसली. मी दप्तरं मागितली आणि नकाशाची पश्चिमेची कड उचलून तिच्याखाली एकावर एक सारली. "हे सह्याद्रीचे डोंगर. इथं त्र्यंबक." आणि खडूचा एक गोल तुकडा त्र्यंबकवर ठेवून सोडला. तो घरंगळत निघाला. नाशकाजवळून पुढं आला, आमच्या पुणतांब्याला चाटून गेला, आणि पैठणपाशी कापडाच्या सुरकुतीत अडकला.

"बाई, तितं धरनाचं काम चाललंय, म्हनून आडकली," मागून एकजण म्हणाला. "माझा मामा हाय कामावर."

आता पोरं नकाशाभोवती पालथी पडली होती. प्रत्येकाला खडू सोडायचा होता. भीमा सोडली, ती खाली दक्षिणेकडं तिरकी गेली. आडवं-उभं काही नसतं, पाणी फक्त उताराला जातं, हे मी सांगितलंच नाही. तेच एकमेकांना सांगत होते. शेवंता तेवढी अजून नकाशा न्याहाळत होती. मग तिनं नकाशाच्या वरच्या अंगावर बोट ठेवलं.

"मग तापी उलटी का चाललीया? ती समुद्राकडं का जाती?"

अशा वेळी काय म्हणायचं ते आम्हाला शिकवलेलं होतं : 'छान प्रश्न आहे, घरी विचार करून या.' मागं परीक्षक लिहीत होते. मी म्हटलं, "तिकडचा उतार पश्चिमेला आहे, एवढं मला माहीत आहे. तसा का आहे ते मला सांगता येत नाही."

"तुमाला बी न्हाई येत?"

"नाही."

तिला ते आवडलेलं दिसलं. तेवढ्यात घंटा झाली. संकलन राहिलं, उपयोजन राहिलं, फळ्यावर तारखेखेरीज अक्षर नव्हतं.

हेडमास्तरांच्या खोलीत परीक्षकांनी माझं टाचण टेबलावर आपटलं नाही, पण ठेवलं जरा जोरानंच. मी दाराशी उभी होते. "टाचणाशी पूर्ण फारकत," ते म्हणाले. "नकाशा पायदळी. वर्गात गोंगाट. शिक्षिका स्वतः म्हणते मला येत नाही. आणि मला सांगा, चौथीच्या वर्गाला जिल्ह्यातली नदी सांगता येत नाही, की बाईंना घाबरून त्यानं तोंड मिटलं?" मग ते गुरुजींकडं वळले. "वर्ग तुमचा आहे. तुमचं काय मत? मी तर हा पाठ उत्तीर्ण करू शकत नाही."

मला वाटलं, आता हा माणूस ते दोन शब्द उच्चारणार आणि माझी एस.टी. सुटणार.

"पोरांना नदीचं नाव येतं, साहेब," गुरुजी म्हणाले. "मीच काल त्यांना बजावलं होतं. पाठ केलेलं उत्तर द्यायचं नाही. ज्याला नदी खरोखर कळली असेल त्यानंच हात वर करायचा."

परीक्षकांनी चष्मा काढला. "तुम्ही? परीक्षेच्या पाठाला?"

"हो. मला संशय होता की पोरं नुसती घोकून बोलतात. त्यातली निम्मीअर्धी तरी हात वर करतील असं वाटलं होतं. एकही हात वर आला नाही." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "या बाईंनी त्यांना नद्या नंतर शिकवल्या. पहिल्यांदा मी शिकवल्या, जूनमध्ये. हाच वर्ग, अशीच भिंत. पोरांना नदी आडवी दिसते हे मला आज कळलं. बाईंना त्या तासात निदान कळलं आणि त्यांनी काहीतरी केलं. तेव्हा नापास करायचंच असेल, तर आम्हा दोघांतलं कुणाला ते तुम्ही ठरवा."

हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले. परीक्षकांनी बराच वेळ टाचण चाळलं, पुन्हा चष्मा लावला, आणि आकडा लिहिला. काठावरचा होता, पण काठाच्या आतला.

बाहेर व्हरांड्यात मी गुरुजींना गाठलं. आभार मानायला हवे होते, पण तोंडातून भलतंच आलं. "माझ्या परीक्षेच्याच दिवशी का, गुरुजी? आधी कधीही करता आलं असतं."

"आधी केलं असतं तर 'उद्या सांगते' म्हणून तुम्ही निघून गेला असता. आज जाता येत नव्हतं."

"आणि मी नापास झाले असते तर? मला घरी परत जावं लागलं असतं. माझं लग्न ठरवून ठेवलंय त्यांनी."

हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी छत्री काखेत मारली आणि ते चौथीच्या वर्गाकडं वळले. माझा राग तेव्हा गेला नाही. खरं सांगायचं तर आजही थोडा शिल्लक आहे. स्वतःच्या शंकेसाठी दुसऱ्याचं आयुष्य पणाला लावायचा अधिकार कुणालाच नसतो, मग शंका कितीही खरी का निघेना.

नकाशा परत न्यायचा होता म्हणून मी थोड्या वेळानं चौथीच्या दाराशी आले. गुरुजी माझ्याआधीच वर्गात पोचले होते. नकाशा तसाच फरशीवर होता आणि पोरं त्याच्याभोवती. गुरुजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "जून महिन्यापासून मी जे जे शिकवलं, त्यातलं काय काय कळलं नाही ते आज सांगायचं. कुणाला शिक्षा नाही."

कोण बोलणार? एवढा मोठा माणूस, शिवाय आधीच संशयी. कुणी फरशीकडं बघत होतं, कुणी शेजाऱ्याला कोपर मारत होतं. गुरुजी वाट बघत उभे राहिले. मी दारात होते, आणि मास्तरीण व्हायचं म्हणजे नेमकं काय गळ्यात घ्यायचं, याची मला त्या दारात पहिल्यांदा खरी भीती वाटली. पास झाल्याचा आनंद होता तो क्षणभर कुठं गेला कळलं नाही.

शेवटी शेवंता उठली. तिनं परकर सारखा केला. "गुरुजी, पयल्यापासनं सांगू का?"

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले आणि पोरांच्या बाकावर, तिच्या मोकळ्या झालेल्या जागी बसले.

ती सांगू लागली. गुरुजी एकदाही "असं कोण म्हणतं" म्हणाले नाहीत. बाकीच्या पोरांनाही मग कंठ फुटला, मध्येच कुणी "मला बी ते न्हाई कळलं" म्हणून भर घालू लागलं. मी नकाशा मागायचं विसरून दाराला टेकून ऐकत राहिले. मधल्या सुट्टीची घंटा झाली, कुणी उठलं नाही. शेवंता अजून जून महिन्यातच होती.